छापले तेच श्रेष्ठ? : ॲलन मूर यांच्या सुपरहिरोकथा आणि चाहत्यांची क्रमवारी

इंग्रजी कॉमिक्सचे निष्ठावंत वाचक एकत्र आले की एक वाद हमखास रंगतो. ॲलन मूर यांनी लिहिलेल्या सुपरहिरोकथांपैकी सर्वांत श्रेष्ठ कोणती? दहांची यादी करायची, क्रमांक द्यायचे आणि मग एकेका क्रमांकावरून हमरीतुमरीवर यायचे. जी. ए. कुलकर्णींची सर्वोत्तम कथा कोणती, या प्रश्नावर आपल्याकडे ज्या हिरिरीने बोलले जाते, तीच हिरीर इथेही दिसते. अशा याद्या मी बरीच वर्षे वाचत आणि एकमेकींशी ताडून पाहत आलो आहे. त्यांचा तपशील बदलतो, सांगाडा फारसा बदलत नाही. पहिल्या स्थानी बहुधा 'वॉचमेन' असते. 'द किलिंग जोक' वरच्या पाचांत असते आणि सुपरमॅनच्या दोन कथा तिच्या आगेमागे. 'मिरॅकलमन' कधी दुसरी, कधी सातवी, कधी यादीतच नाही. ग्रीन लँटर्नच्या चिमुकल्या कथा आल्याच तर अगदी तळाशी.

हा सांगाडा इतका स्थिर का? गुणवत्तेमुळे, हे त्याचे सोपे उत्तर. मला ते अर्धेच पटते. उरलेले अर्धे उत्तर करारपत्रांत, हक्कांच्या वादांत आणि छापखान्यात दडलेले आहे. ते कसे, हे दाखवण्याचा हा प्रयत्न.

मूर यांचा जन्म १९५३ साली इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टन या गावी, कामगार वस्तीत झाला. किशोरवयात त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. पुढचे शिक्षण त्यांनी वाचनातून स्वतःच केले. ब्रिटिश साप्ताहिकांत उमेदवारी करून १९८३-८४च्या सुमारास ते अमेरिकेच्या डीसी प्रकाशनासाठी लिहू लागले आणि चार-पाच वर्षांत त्यांनी त्या माध्यमाची भाषाच बदलली. त्यांच्या 'स्वॅम्प थिंग'ला सुपरहिरोकथा म्हणावे की भयकथा, यावर चाहत्यांत एकमत नाही. 'व्ही फॉर व्हेन्डेटा'तला मुखवटाधारी तर सुपरहिरोपेक्षा अराजकवादी अधिक. या दोन्ही मी इथे बाजूला ठेवतो.

आधी 'वॉचमेन'. १९८६-८७मध्ये बारा अंकांत आलेली ही मालिका डेव्ह गिबन्स यांनी चितारली आणि जॉन हिगिन्स यांनी रंगवली. डीसीने चार्लटन या प्रकाशनाकडून घेतलेली जुनी पात्रे वापरण्याचा मूर यांचा मूळ बेत होता. पण या कथेनंतर ती पात्रे पुन्हा वापरण्याजोगी उरणार नाहीत हे ध्यानात आल्यावर त्यांच्या धर्तीवर नवी पात्रे घडवली गेली. पानावर नऊ चौकटींची शिस्त, पाचव्या अंकाची पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आरशासारखी उलटत जाणारी मांडणी, अकरा अंकांच्या शेवटी जोडलेली आत्मचरित्राची प्रकरणे, पत्रे आणि अहवाल, हे सारे वाखाणण्याजोगेच आहे. १९८८मध्ये तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. २००५मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने १९२३नंतरच्या शंभर इंग्रजी कादंबऱ्या निवडल्या, त्यांतही ती होती. गुणवत्तेचे अर्धे उत्तर ते हे.

आता दुसरे अर्धे. मूर आणि गिबन्स यांच्या करारात एक कलम होते. पुस्तक वर्षभर छपाईबाहेर राहिले तर हक्क निर्मात्यांकडे परत जातील, असे ते कलम. त्या काळी महिन्याचे कॉमिक महिन्याने रद्दीत जाई. त्यामुळे हक्क लवकरच आपल्याकडे येतील, अशी दोघांची रास्त समजूत होती. पण १९८७मध्ये बारा अंकांचे एक पुस्तक निघाले. ते विकत राहिले आणि म्हणून छापलेही जात राहिले. आजतागायत ते छपाईबाहेर गेलेले नाही. लेखकाला कृती परत मिळावी म्हणून घातलेल्या कलमामुळेच ती त्याच्यापासून कायमची दुरावली, आणि दुकानाच्या फळीवर मात्र अखंड राहिली. २००९च्या चित्रपटावर मूर यांनी स्वतःचे नावही येऊ दिले नाही. श्रेयनामावलीत एकटे गिबन्स आहेत. सुमारे चार दशके प्रत्येक नव्या वाचकाच्या हाती मूर यांचे पहिले पुस्तक म्हणून हेच पडते. पहिले वाचलेले पुस्तक पहिल्या क्रमांकावर राहण्याची शक्यता किती मोठी असते, हे कोणत्याही वाचकाला स्वानुभवाने ठाऊक आहे.

'मिरॅकलमन'ची कहाणी नेमकी उलट आहे. १९५४मध्ये ब्रिटनमध्ये 'कॅप्टन मार्व्हल'च्या अमेरिकी कथांचा पुरवठा थांबला, तेव्हा मिक अँग्लो यांनी त्याची नक्कल म्हणून 'मार्व्हलमन' हा नायक उभा केला. १९८२मध्ये 'वॉरियर' मासिकात मूर यांनी त्याला पुन्हा जागे केले. आता तो मध्यमवयीन, डोकेदुखीने बेजार, उडण्याची स्वप्ने पाहणारा माईक मोरन होता. एक विसरलेला शब्द उच्चारताच तो देवासमान होतो. अमेरिकेत एक्लिप्स प्रकाशनाने १९८५पासून ही मालिका 'मिरॅकलमन' या नावाने काढली. पंधराव्या अंकात नायकाचाच जुना बालसाथी लंडन शहर उद्ध्वस्त करतो. जॉन टॉटलबेन यांनी रेखाटलेली ती पाने पाहिल्यावर सुपरहिरोंच्या मारामारीत पडणाऱ्या इमारतींकडे पूर्वीसारखे निर्धास्तपणे पाहता येत नाही.

पण माझ्या मते खरी कसोटी सोळाव्या अंकात आहे. विध्वंसानंतर हे देव पृथ्वीचा कारभार हाती घेतात. दारिद्र्य संपते, शस्त्रे संपतात. कोणी कोणाची संमती मात्र विचारत नाही. माईकची पत्नी लिझ त्याला पूर्वीच सोडून गेली आहे. तिलाही अतिमानव करण्याची तयारी तो दाखवतो आणि ती नकार देते. अखेरीस आपल्या उत्तुंग प्रासादात उभा राहून तो विचार करत राहतो, की परिपूर्णता कोणी का नाकारावी? ते त्याला कळत नाही. वाचकाला कळते. 'वॉचमेन'मध्येही एक माणूस सगळ्या जगाच्या वतीने निर्णय घेतो. तिथे त्याचे कारस्थान उघडे पडेल का, या टांगत्या प्रश्नावर कथा संपते. 'मिरॅकलमन'मध्ये कारस्थान नाही आणि लपवलेलेही काही नाही. उघडपणे दिलेले सुख एक साधी बाई नाकारते. सत्तेविषयीचा हा प्रश्न मला अधिक अवघड वाटतो.

मग ही कथा याद्यांत डळमळीत का? एक्लिप्स बंद पडले. त्याची मालमत्ता १९९६मध्ये टॉड मॅकफार्लेन यांनी विकत घेतली आणि नायक नेमका कोणाचा याचा गुंता वर्षानुवर्षे सुटला नाही. २००९मध्ये मार्व्हलने अँग्लो यांच्याकडून हक्क घेतले आणि पुनर्मुद्रण २०१४मध्ये सुरू झाले. म्हणजे सुमारे दोन दशके ही कथा जुन्या अंकांच्या संग्राहकांपुरतीच उरली होती. पुनर्मुद्रणातही मूर यांच्या इच्छेनुसार त्यांचे नाव नाही. तिथे 'मूळ लेखक' एवढेच छापले आहे. ज्या पिढीने पुस्तक पाहिलेच नाही, ती त्याला क्रमांक कसा देणार? ज्यांनी पाहिले, त्यांनी कदाचित दुर्मीळतेचेही चार गुण जास्त दिले असतील. दोन्हीकडून यादीचा काटा हलला आहे.

'द किलिंग जोक' (१९८८) याद्यांत इतकी वर का असते, हे समजणे अवघड नाही. ती छोटी आहे, सहज मिळते, ब्रायन बोलंड यांची रेषा अप्रतिम आहे आणि जोकरला पूर्वायुष्य देऊ पाहणाऱ्या नंतरच्या अनेकांनी तिच्याकडून उसने घेतले आहे. पण तिचा प्रश्न तपासून पाहा. एका वाईट दिवसाने कोणीही माणूस वेडा होऊ शकतो, हे जोकरला सिद्ध करायचे आहे. त्यासाठी तो बार्बरा गॉर्डनवर गोळी झाडतो आणि तिची ती अवस्था तिच्या वडिलांना, म्हणजे पोलीस आयुक्त गॉर्डन यांना दाखवतो. वडील खचत नाहीत, म्हणून जोकर हरला असा निकाल कथा देते. पण तो वाईट दिवस सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त कोणाचा होता? बार्बराचा. तिला हा प्रश्न कोणीच विचारत नाही. जोकरने तिला साधन म्हणून वापरले हे कथेचे कथानक. कथेनेही तिला साधन म्हणूनच वापरले, हे तिचे वैगुण्य. स्वतः मूर यांनीही नंतरच्या मुलाखतींत या कथेविषयी नापसंती व्यक्त केली आहे. बार्बराला चाकाच्या खुर्चीतून उभे आयुष्य देण्याचे काम पुढे जॉन ऑस्ट्रँडर आणि किम येल या लेखक दांपत्याने केले. श्रेष्ठ आणि प्रभावी या दोन शब्दांतला फरक याद्या इथे विसरतात.

तळाशी टाकल्या गेलेल्या छोट्या कथांकडे आता वळतो. 'इन ब्लॅकेस्ट नाइट' (१९८७) ही मोजक्या पानांची कथा. ग्रीन लँटर्न दलाची सदस्य कॅट्मा टुई अशा प्रदेशात जाते जिथे प्रकाश पोहोचतच नाही. तिथल्या रॉट लॉप फॅनला दलात घ्यायचे आहे. पण त्याला दृष्टी नाही. त्याच्या भाषेत हिरवा नाही, दिवा नाही, उजेड नाही. मग प्रतिज्ञा सांगायची कशी? ती दिव्याची घंटा करते, हिरव्या रंगाचा एक विशिष्ट स्वर करते, आणि सगळी प्रतिज्ञा ध्वनीत उतरते. ज्याने कधी एका भाषेतले दुसरीत नेण्याची खटपट केली आहे, त्याला ही कथा अनुवादावरच्या लांबलचक व्याख्यानापेक्षा जास्त शिकवील. तिच्यात कोणी मरत नाही आणि कोणी शहर पाडत नाही. याद्यांत ती मागे पडते त्याचे हेही एक कारण असावे. गांभीर्य म्हणजे काळोख, अशी समजूत १९८६नंतर या क्षेत्रात रुजली, आणि ती रुजवण्यात मूर यांच्याच दोन पुस्तकांचा वाटा मोठा होता.

गिबन्स यांच्याबरोबरची 'फॉर द मॅन हू हॅज एव्हरीथिंग' (१९८५) मात्र या समजुतीला पुरून उरली आहे. सुपरमॅनच्या वाढदिवशी शत्रू त्याला एक परोपजीवी वनस्पती भेट देतो. ती माणसाला त्याच्या मनातले सर्वांत खोल सुख स्वप्नात देते. सुपरमॅनचे स्वप्न पराक्रमाचे नाही. क्रिप्टन फुटलाच नाही, घरी बायको आहे, दोन मुले आहेत. पण त्या स्वप्नातही वडील कडवट झाले आहेत आणि समाज दुभंगला आहे. सुख आतूनच उसवू लागते. शेवटी मुलाला जवळ घेऊन, तू खरा नाहीस असे वाटते, हे त्याला स्वतःच्या तोंडाने सांगावे लागते. त्याच्या सगळ्या शक्ती तिथे कुचकामी आहेत. 'व्हॉटएव्हर हॅपन्ड टू द मॅन ऑफ टुमॉरो?' (१९८६) ही दुसरी कथा जुन्या सुपरमॅनला निरोप देण्यासाठी लिहिली गेली. कर्ट स्वान यांच्या परिचित रेषेत ती चितारली गेली, हेच तिचे अर्धे मर्म. त्यात सुपरमॅन हातून हत्या झाल्यावर स्वतःची शक्ती स्वतःच टाकून देतो. शक्ती मिळाल्याच्या कथा पैशाला पासरी आहेत, शक्ती सोडल्याच्या विरळा.

याद्यांतून आणखी एक गोष्ट निसटते. ती म्हणजे चित्रकार. 'मूर यांच्या सर्वोत्तम कथा' असे शीर्षक दिले की गिबन्स, टॉटलबेन, बोलंड, स्वान हे सारे साथीदार होऊन जातात. तमाशात गाण्याचे श्रेय एकट्या शाहिराला द्यावे आणि ढोलकीवाल्याचे नावही घेऊ नये, तसे हे. शिवाय बारा अंकांची कादंबरी आणि मोजक्या पानांची गोष्ट एकाच तराजूत तोलायची म्हटल्यावर वजनदार तेच खाली बसणार.

या खेळाकडे मूर स्वतः आता कठोरपणे पाहतात. किशोरवयात तेही चाहत्यांच्या संमेलनांना जात. पण २०२४च्या एका लेखात त्यांनी हक्क गाजवणाऱ्या चाहतेपणामुळे होणाऱ्या सार्वजनिक हानीविषयी लिहिले. त्यांचा राग मी समजू शकतो, पण क्रमवारीचा खेळच टाकाऊ ठरवायला मी तयार नाही. विद्यापीठांनी दखल घेण्याच्या कितीतरी आधी या कथा चाहत्यांनीच जपल्या. पुनर्मुद्रण नव्हते तेव्हा 'मिरॅकलमन'चे नावही त्यांनीच जिवंत ठेवले. यादी करणे हा वाचनाचा एक प्रकारच आहे. फक्त यादी करणाऱ्याने प्रत्येक क्रमांकापुढे एक प्रश्न लिहावा : हे मला आवडले म्हणून वर आहे, की मिळाले म्हणून?

माझी यादी कोणी मागितलीच तर पहिली 'मिरॅकलमन'चा शेवटचा खंड, दुसरी 'फॉर द मॅन हू हॅज एव्हरीथिंग', तिसरी 'वॉचमेन', चौथी 'इन ब्लॅकेस्ट नाइट', पाचवी 'व्हॉटएव्हर हॅपन्ड'. 'द किलिंग जोक' पहिल्या दहांत नाही. यावर भांडण व्हावे, माझी तयारी आहे.

मराठी वाचकाने या परक्या वादात लक्ष का घालावे, तर हा प्रश्न आपल्याही दारात उभा आहे. आपणही शतकातील श्रेष्ठ कादंबऱ्या, श्रेष्ठ कथा अशा याद्या करतो. त्या करताना दुकानात मिळणारी पुस्तके आपोआप डोळ्यांपुढे येतात. जिची आवृत्ती संपली, जिचे हक्क वारसांच्या वादात अडकले किंवा जिचा प्रकाशकच उरला नाही, ती कृती हळूहळू यादीतून आणि मग आठवणीतूनही जाते. ती वाईट होती असे कोणीच म्हणालेले नसते. तिला कोणी नाकारलेलेही नसते. म्हणून पुढची यादी करण्याआधी एकदा ग्रंथालयाच्या मागच्या कपाटापाशी जाऊन, छपाईबाहेर गेलेले एखादे तरी पुस्तक मागून घ्यावे आणि मगच क्रमांक द्यायला बसावे.