मृगातला ढग आणि ‘क्लीन’ फोटो

हेन्री ड्रेपरने ३० सप्टेंबर १८८० रोजी काढलेला मृगातल्या तेजोमेघाचा फोटो आज कोणी इन्स्टावर टाकला, तर त्याला दहा लाइकसुद्धा मिळायचे नाहीत. ११ इंची दुर्बीण, ५१ मिनिटांचं एक्स्पोजर, आणि हाती काय, तर एक धुरकट डाग. पण या तेजोमेघाचा तो पहिला फोटो. १८८३ मध्ये अँड्र्यू कॉमनने ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीतून तोच ढग टिपला, तेव्हा डोळ्यांना न दिसणारे तारेही प्लेटवर उमटले. हे दोन्ही फोटो मला आवडतात, कारण प्लेटवर जेवढा प्रकाश पडला तेवढाच त्यात आहे.

हल्ली नवशिक्यांचे जे फोटो गाजतात, त्यांच्याबद्दल मला असं म्हणता येत नाही.

नवशिक्याने मृगापासूनच सुरुवात करावी. व्याधाच्या बाणाचे तीन तारे सापडले की ढग त्यांच्या जवळच असतो. ताऱ्यांमागे फिरणारं मोटरचं माउंट हवं (पैसे कमी असतील तर दुर्बीण लहान घ्या, माउंट नको). ३० सेकंदांचे ६४ फोटो एकावर एक रचले, म्हणजे स्टॅक केले, की नॉइज एका फोटोच्या तुलनेत आठ पट कमी होतो, कारण ६४ चं वर्गमूळ ८. या छंदातलं मला सगळ्यात आवडणारं गणित हेच.

मग कोणीतरी एआय डीनॉइजचा स्लायडर शेवटपर्यंत ओढतं आणि ढग साबणाच्या फेसासारखा गुळगुळीत होतो. ‘प्रोसेसिंग तर सगळेच करतात’ हा बचाव मला अर्धाच पटतो. स्टॅक आधी जवळजवळ काळाच दिसतो, तो उजळावा लागतोच. पण उजळताना सगळ्या पिक्सेलना एकच नियम लागतो. डीनॉइज मात्र इथे काय असावं याचा अंदाज बांधतो.

रंगांचंही तसंच. हबलच्या १९९५ च्या ‘पिलर्स ऑफ क्रिएशन’मध्ये गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला होता. हायड्रोजनचा तो प्रकाश प्रत्यक्षात लाल असतो. म्हणजे ते रंग नकाशातल्या खुणांसारखे. प्रत्येकामागे वेगळ्या फिल्टरचं मोजमाप होतं. साध्या डीएसएलआरच्या फोटोला नुसता निळा-सोनेरी प्रीसेट लावणं म्हणजे सर्व्हे न करता नकाशा रंगवणं. उलट अशा कॅमेऱ्यात सेन्सरपुढची काच हायड्रोजनचा लाल प्रकाश बराचसा अडवते, म्हणून खरा ढग फिकट गुलाबी येतो.

असा फोटो समोर आला की मी आधी ट्रॅपेझियम बघतो, म्हणजे ढगाच्या गाभ्यातले चार तारे. ३० सेकंदांत तो भाग पांढराफटक होतो. काही सेकंदांचे वेगळे फोटो काढून जोडले तरच ते सुटे दिसतात. ही जोडणी मला मान्य आहे, कारण तो प्रकाशही त्याच आकाशातून आलेला असतो.

परवा मावसभावाने त्याचा पहिला स्टॅक पाठवला. चारही तारे सुटे, कडेचा ढग दाणेदार, गुलाबी अगदी फिका. खाली मेसेज: ‘दादा, बाकीच्यांसारखा नाही आला, डिलीट करतोय.’ मी त्याच्याकडून सगळ्या रॉ फाइल्स मागवून घेतल्या.