सदोम की नाबोथाचा मळा?

२६ ऑगस्ट २०२२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे, आमराई वॉर्डात, एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. धक्का जाणवताच घरातली माणसे बाहेर धावली, म्हणून वाचली. खाली इंग्रजी अमदानीतील भूमिगत कोळसाखाणीची पोकळी होती. भोवतालच्या दीडशेहून अधिक कुटुंबांना घरे सोडावी लागली. वाळूजच्या कारखान्यांत नोकरीनिमित्त आलेले त्या बाजूचे एक कुटुंब आमच्या धर्मग्रामात आहे. त्यातील आजींनी मिस्सेनंतर मला गाठून विचारले, "फादर, घर गेलं त्याची भरपाई देतील, पण घराखालची जागा कुणाची होती हो?" मला उत्तर देता आले नाही. पुस्तकी माणसाची खोड अशी की, अडला म्हणजे तो कपाटाकडे जातो. मी एमिल झोला यांची 'जर्मिनल' ही कादंबरी बाहेर काढली.

ही कादंबरी १८८५ साली प्रसिद्ध झाली. पुढे झोला यांचे समग्र लेखन रोमच्या निषिद्ध ग्रंथांच्या सूचीत गेले. ती सूचीच १९६६ साली रद्द झाली. माझ्या जन्माआधीच बंदी उठलेली असूनही, सेमिनरीत आमचे एक वृद्ध प्राध्यापक झोला हे नाव घेताना आवाज खाली आणीत, हे आठवून आजही हसू येते. वाचकांनी ही कादंबरी भीती न बाळगता वाचावी. उत्तर फ्रान्समधील खाणकामगारांचे जिणे त्यांनी संपाच्या काळात प्रत्यक्ष तेथे जाऊन पाहिले होते आणि ते पानोपानी जाणवते.

या कादंबरीत तार्तारे नावाचे एक उजाड माळरान आहे. त्याच्या पोटात कोळशाची जुनी खाण पिढ्यान्‌पिढ्या जळते आहे. माती भाजून निघालेली, भेगांतून गंधकाचा वास येणारा धूर. त्याच्या मध्येच एक हिरवी टेकडी आहे. खालच्या उष्णतेमुळे तिच्यावर बर्फ टिकत नाही, गवत बारमाही हिरवे राहते, शेतात तीन-तीन पिके निघतात. खाणकामगारांमध्ये एक दंतकथा चालत आलेली आहे. खाणीत गाड्या ढकलणाऱ्या मुलींनी तेथे दुराचार केला, म्हणून सदोमवर पडला तसा स्वर्गातून अग्नी पडला आणि त्या मुली आजही तळाशी जळत आहेत.

आता झोला यांचे कसब पाहा. ही दंतकथा ज्या प्रकरणात येते, त्याच प्रकरणात कॅथरीन नावाची कामगार मुलगी त्या जळत्या थराच्या शेजारच्या बोगद्यात गाडी ढकलते आहे. उकाडा असह्य होऊन अंगावरचे कपडे एकेक उतरवीत ती अखेर बेशुद्ध पडते. दंतकथा म्हणते, मुलींच्या पापाने आग लागली. प्रसंग दाखवतो की मुलगी आगीजवळ आहे ती मजुरीसाठी. झोला यांनी यावर एका शब्दाचेही भाष्य केलेले नाही, आणि म्हणूनच हा प्रसंग मनातून जात नाही. गरिबांवर आलेल्या संकटाला त्यांचेच पाप कारण ठरविण्याची ही सवय आम्हा धर्मगुरूंच्या प्रवचनांतूनही डोकावते, हे मान्य करायला हवे. झोला यांच्या आबे राँव्हिये या धर्मगुरूच्या चित्रात तर बोचणारा उपहास आहे. हा तळमळीचा माणूस कामगारांच्या बाजूने बोलतो, पण उपाशी घरात येतो तो रिकाम्या हाताने. हे चित्र एकांगी आहे असे म्हणून मी अनेकदा पुस्तक मिटले आहे; पण ते खोटे आहे, असे म्हणण्याचे धैर्य मला झालेले नाही.

मात्र आजींच्या प्रश्नाला 'जर्मिनल'मध्येही उत्तर नाही, आणि त्याचे कारण कादंबरीच्या रचनेतच आहे. तार्तारेवर कोणी राहत नाही. कामगारांची चाळ कंपनीची. ज्याच्या नावावर हातभर जमीन नाही, त्याचे भांडण मजुरीचे असते, जागेचे नव्हे. झोला यांना आग दिसली, मजूर दिसला. आगीवर वसलेले घर आणि त्या घराचा मालक त्यांच्या चौकटीत आलाच नाही.

आपल्या देशात मात्र तो आहे. झारखंडमधील झरिया येथे भूमिगत आगीची पहिली नोंद १९१६ सालची. जमिनीखाली खांब सोडून कोळसा काढला जाई; रिकाम्या जागेत वाळू भरण्याचा खर्च अनेक खासगी मालकांनी टाळला. उरलेल्या कोळशाला फटींतून हवा लागली, तो तापत गेला आणि आपोआप पेटला. म्हणजे ही आग आकाशातून पडलेली नाही, ती हिशेबाच्या वहीतून लागलेली आहे. १९७०च्या दशकात खाणी सरकारी झाल्या; आग विझली नाही. २०१७ मध्ये पिता-पुत्र भर वस्तीत खचलेल्या धगधगत्या खड्ड्यात गेले. २००९ साली ७,११२ कोटी रुपयांची पुनर्वसन योजना मंजूर झाली. तिची मुदत २०२१ मध्ये संपली आणि जून २०२५ मध्ये ५,९४० कोटींची सुधारित योजना आली. या कागदपत्रांत माणसांचे दोन वर्ग आहेत: कायदेशीर मालकी असलेले आणि नसलेले. तीन पिढ्या एकाच अंगणात जगलेले कुटुंबही कागद नसेल तर दुसऱ्या वर्गात जाते. शहराबाहेर बेलगडियाला बांधलेल्या लहान घरांत जाण्यास अनेकांनी नकार दिला, कारण तेथे छप्पर होते, पण हाताला काम नव्हते. नव्या योजनेत एक लाख रुपयांचे उपजीविका अनुदान दोन्ही वर्गांना देऊ केले आहे, ही सुधारणा नोंदवली पाहिजे.

असे असताना आपली वृत्तपत्रे झरियाला 'पृथ्वीवरचा नरक' म्हणून मोकळी होतात. नरक म्हटले की तेथल्या रहिवाशाला हक्क कसला? चित्रपटवाल्यांनी याहून पुढची मजल गाठली. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात सेंट्रेलिया नावाचे खाणगाव आहे. १९६२ पासून त्याच्या पोटात आग आहे. १९९२ मध्ये राज्य सरकारने सर्व घरे सक्तीने संपादित केली. काही रहिवासी उठले नाहीत. सरकारला आमचा जीव नव्हे, आमच्या खालचा कोळसा हवा आहे, असे ते म्हणत. उरलेल्या मोजक्या लोकांना २०१३ च्या तडजोडीने मरेपर्यंत राहण्याची मुभा मिळाली. तेथील सेंट इग्नेशियस चर्च १९९७ मध्ये पाडले गेले. टेकडीवरचे युक्रेनियन कॅथलिक चर्च मात्र उभे आहे आणि तेथे उपासना होते. या गावावरून स्फूर्ती घेऊन २००६ साली आलेल्या 'सायलेंट हिल' या चित्रपटात आहेत ती भुते, राख आणि माथेफिरू धर्मांध! प्रेक्षक घाबरून घरी जातो. जागेसाठी वीस वर्षे भांडलेल्या माणसांचा त्यात मागमूस नाही.

माझ्या मते, कलावंतांनी चुकीचा बायबल-संदर्भ धरला. त्यांना आग दिसली की सदोम आठवतो. आठवायला हवा होता तो राजांच्या पहिल्या पुस्तकातील नाबोथ. अहाब राजाला त्याचा द्राक्षमळा हवा आहे, कारण तो राजवाड्याला लागून आहे. राजा बदल्यात याहून चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ करतो. आजच्या भाषेत, हे पुनर्वसन आणि भरपाईच झाले! नाबोथ वाडवडिलांचे वतन द्यायला नकार देतो. मग ईजबेल राणी राजाच्या नावाने पत्रे लिहिते, त्यांवर त्याची मोहोर उमटवते, खोटे साक्षीदार उभे करवते. तलवार कुठेच दिसत नाही; दिसतात ते कागद, शिक्का आणि गावातील वडीलधाऱ्यांचे मौन. नाबोथ दगडांनी मारला जातो. एक अख्खी कादंबरी या एका अध्यायात आहे.

येथे नाबोथापाशी निदान वतनाचा पुरावा होता. ज्याच्यापाशी तोही नाही त्याचे काय? 'जर्मिनल'नंतर सहाच वर्षांनी, १८९१ साली, पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात मांडले की, जमीन कसणारा तिच्यावर आपल्या व्यक्तित्वाचा ठसा उमटवतो आणि त्यातून तिच्यावरील त्याचा हक्क उभा राहतो. शेतीसाठी मांडलेला हा विचार झरियाच्या अंगणालाही लागू पडतो, असे मला वाटते.

मराठी कादंबरीला हा विषय परका नाही. विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती'ने १९९१ साली धरणग्रस्तांच्या निमित्ताने पुनर्वसनाच्या कचेऱ्यांचे अंतरंग उघडे केले. आपल्या मराठवाड्यात काळ्या खडकाखाली कोळसा नाही. परळीच्या वीजकेंद्राला तो रेल्वेने बाहेरून येतो. आगीची ऊब आपल्याला पोचते, धूर पोचत नाही. तेव्हा असे लेखन यायचेच तर बहुधा चंद्रपूर-वणीकडून येईल. ते आले तर त्याची सुरुवात ज्वाळांनी होऊ नये, तलाठ्याच्या दप्तराने व्हावी, इतकीच या वाचकाची अपेक्षा आहे.

आजींना मी नाबोथाची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि विचारले, "मग मळा त्याच्या पोरांना परत मिळाला का?" शास्त्रात तसे कुठे लिहिलेले नाही, हे मला त्यांना सांगावे लागले.