पडदा आपला, काम दूरचे

शाळेच्या खोलीत विंडोज चालणारा जुना संगणक आहे आणि काम करायचे आहे दूरच्या लिनक्स संगणकावर. नुसत्या अक्षरांत आज्ञा टंकायच्या असतील तर अडचण नाही. पण तिथल्या खिडक्या, आलेख, चित्रे आपल्या पडद्यावर कशी आणायची? या प्रश्नाची दोन प्रसिद्ध उत्तरे आपण पारखून पाहू.

पहिले उत्तर एक्स विंडो प्रणालीचे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८४ साली तिची सुरुवात झाली. इथे दूरचा संगणक चित्र पाठवत नाही. 'इथून तिथवर रेघ ओढ', 'ही अक्षरे लिही' असे हुकूम पाठवतो. चित्र काढतो आपला संगणक. हे हुकूम कोणत्याही एका प्रणालीला बांधलेले नसल्याने विंडोजवरही ते पाळता येतात. त्यासाठी एक्स सर्व्हर नावाचा प्रोग्राम बसवावा लागतो. म्हणजे सर्व्हर आपल्या टेबलावर! कारण पडदा, कळफलक आणि माउस यांची सेवा तो देतो. 'सर्व्हर म्हणजे मोठा संगणक' असे आपण फळ्यावर लिहितो, ते इथे कोलमडते. सर्व्हर ही भूमिका आहे, आकार नव्हे.

दुसरे उत्तर व्हीएनसीचे. इंग्लंडमधील केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेने ते १९९८ साली सर्वांना खुले केले. त्यात चित्र दूरच्याच संगणकावर तयार होते आणि पडद्याचा बदललेला भाग तेवढा ठिपक्यांच्या रूपात इकडे येतो.

हुकूम काही बाइटांचा, चित्र लाखो बाइटांचे. तेव्हा पहिली पद्धत सरस, असे कोणालाही वाटेल. हिशेब करू. पडदा १०२४ × ७६८ ठिपक्यांचा, प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट. एकूण २३,५९,२९६ बाइट. सेकंदाला २० लाख बिट, म्हणजे अडीच लाख बाइट नेणाऱ्या तारेवरून पूर्ण पडदा यायला सुमारे साडेनऊ सेकंद लागतील. आता एक्स पाहा. खिडकी उघडताना प्रोग्राम 'पडदा केवढा?', 'हा रंग मिळेल का?' असे प्रश्न विचारतो आणि उत्तरासाठी थांबतो. असे २०० प्रश्न आणि प्रत्येक फेरीला ५० मिलिसेकंद धरले, तर इथेही १० सेकंद गेले!

दोन्ही दिरंगाया दिसायला सारख्या, पण कारणे वेगळी. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात मुळा धरणाच्या कालव्यावर शेती करणाऱ्यांना हे सांगायला नको. कालवा रुंद केला तर पाणी जास्त येईल. पण आवर्तन सुटल्यावर टेलच्या शेतापर्यंत पहिले पाणी पोचायला वाट चालावीच लागते. व्हीएनसीची दिरंगाई रुंदीची, ती चित्र दाबून लहान केल्याने किंवा तार सुधारल्याने कमी होते. एक्सची दिरंगाई फेऱ्यांची, ती महागड्या जोडणीनेही फारशी हटत नाही. शिवाय आजचे प्रोग्राम चित्र स्वतःच रंगवून एक्सच्या हाती देतात, त्यामुळे हुकूम पाठवण्यातली काटकसरही उरत नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या मते निर्णायक आहे. शाळेतली वीज गेली की एक्सवर उघडलेला प्रोग्राम सहसा बंद पडतो, मुलाचे न साठवलेले काम जाते. व्हीएनसीत ते दूरच्या संगणकावर तसेच चालू राहते. एक्स ही एका आवारातल्या जाळ्यासाठी उत्तम कल्पना. गावोगावच्या शाळांसाठी व्हीएनसीच बरे. मात्र जुन्या व्हीएनसीत पडद्यावरचा मजकूर उघडाच प्रवास करतो, म्हणून ते एसएसएचच्या कुलूपबंद वाटेनेच न्यावे.

या वादाला तिसरी वाटही आहे. जिल्ह्याच्या पश्चिम सीमेपलीकडे, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. अशा दुर्बिणींच्या अवाढव्य फायली पाहण्यासाठी २०१८ साली कार्टा हा प्रोग्राम आला. फाइल दूरच्या संगणकावरच राहते, पडद्यावर मावेल एवढीच माहिती येते आणि रंग भरण्याचे काम आपला ब्राउझर करतो. प्रणाली कोणतीही चालते.

वर्गात करून पाहा. दोन मुलांना आलेख-कागद देऊन दूर बसवा. एकाने दुसऱ्याकडून घराचे चित्र काढून घ्यायचे; आधी 'रेघ ओढ' अशा हुकमांनी, मग एकेका चौकोनाचा रंग सांगून. शेवटी प्रत्येक हुकमानंतर चिठ्ठीने उत्तर मागवा. 'नेट स्लो आहे' या तक्रारीचे दोन अर्थ मुले स्वतःच सांगतील.