संगीत विभागातील मैफल आणि आपले उपासनागीत

विद्यापीठाचा संगीत विभाग हा विषय दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी बसून कोणी लिहायला घ्यावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण आमच्या जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्याला संत गाडगे बाबांचे नाव आहे. नागपूरचे विद्यापीठ तुकडोजी महाराजांच्या नावाने ओळखले जाते. एक कीर्तनकार, दुसरे खंजिरीवर भजन म्हणणारे. विदर्भाच्या या दोन्ही विद्यापीठांना गाणाऱ्या माणसांची नावे मिळाली, आणि त्या दोघांचेही गाणे तिकीट काढून ऐकण्याचे नव्हते. गाणे विद्यापीठात गेल्यावर त्याचे काय झाले आणि त्यातून आपल्या चर्चमधील गाण्याने काय घ्यावे, हा प्रश्न म्हणूनच येथून विचारावासा वाटतो.

गाणे शाळेत आणण्याचे श्रेय दोन मराठी माणसांकडे जाते. पंडित विष्णू दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि जाहीर मैफलींच्या उत्पन्नावर ते चालवले. पंडित भातखंडे यांनी घराण्यांत अडकलेल्या चिजा मिळवल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि आपला मुख्य ग्रंथ मराठीत लिहिला. पुढे विद्यापीठांत संगीताचे विभाग निघाले ते या दोघांच्या पुण्याईवर. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात डॉ. प्रभा अत्रे १९७९ ते १९९२ या काळात विभागप्रमुख होत्या. मैफल गाजवणारी गायिका वर्गात फळ्यापुढे उभी राहते, ही गोष्ट त्यांच्या आधीच्या पिढीला सहज पटली नसती.

परंतु माझ्या विषयाला अधिक जवळचे नाव डॉ. अशोक दा. रानडे यांचे. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे ते पहिले संचालक. १९६८ पासून सुमारे दीड दशक त्यांनी ते केंद्र सांभाळले. २०११ मध्ये ते निवर्तले. ‘देवगाणी’, ‘बैठकीची लावणी’ अशा त्यांच्या कार्यक्रमांत गाणे आणि विवेचन हातात हात घालून चालत. सभ्य समाजाने दाराबाहेर ठेवलेली लावणी त्यांनी अभ्यासकाच्या आदराने मांडली. त्यांच्या विचारातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे संगीताच्या कोटी. आदिम, लोक, भक्ती, कला, जनप्रिय आणि संगम अशा सहा कोटी त्यांनी मानल्या आणि प्रत्येक कोटीचे प्रयोजन व निकष वेगळे आहेत असे सांगितले. म्हणजे भक्तिसंगीत ही शास्त्रीय गायनाची खालची पायरी नव्हे. ते स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या नियमांनी उभे आहे.

हा विचार विद्यापीठांच्या रोजच्या व्यवहारात किती उतरला? काही वर्षांपूर्वी एका संगीत विभागात मला चार दिवस घालवण्याचा योग आला. (पुढे टीका करायची आहे, म्हणून नाव सांगत नाही.) सकाळी पहिली घटका तंबोरे जुळवण्यात जाई. पहिल्या वर्षाची एक मुलगी तारेखालचा दोरा पुढेमागे सरकवीत बसली होती. बाई तिच्याजवळ येत, एका तारेवर बोट ठेवीत आणि म्हणत, “ऐक.” एवढेच. तीन सकाळी मी हे पाहिले. चौथ्या सकाळी त्या मुलीनेच मान वर करून बाईंकडे पाहिले, आणि बाई काही न बोलता पुढच्या तंबोऱ्याकडे गेल्या. सेमिनरीत मौनाचा अर्थ समजावून घेण्यात आम्ही बरीच वर्षे घालवली. तो इतक्या सोप्या रीतीने शिकवलेला मी पाहिला नव्हता.

त्याच विभागात तिसऱ्या दिवशी पाहुण्यांचे सप्रयोग व्याख्यान झाले. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, परिचय यांत पाऊण तास गेला. पाहुणे जाणकार होते, पण त्यांच्या वाट्याला जेमतेम तासभर आला. प्रश्न विचारा म्हटल्यावर सभागृह गप्प, मग आभार. खरे व्याख्यान नंतर व्हरांड्यात चहाच्या कपाबरोबर झाले. तबल्याच्या साथीविषयी एका मुलाने भीत भीत विचारले आणि पाहुण्यांनी लाकडी बाकावर ठेका धरून त्याला अर्धा तास समजावले. तेव्हा सभोवती सहाच जण होते. शाल-श्रीफळाचा हा रोग संगीत विभागापुरता नाही, हे आपल्या धर्मग्रामातील सणांचे सोहळे पाहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. परीक्षेसाठी रागांची यादी असते आणि विद्यार्थी रागांची संख्या मोजू लागतात. यमन किती खोल गेला यापेक्षा यादीतील किती राग ‘झाले’ हे महत्त्वाचे ठरते. स्वरलिपी ही भातखंड्यांनी दिलेली काठी. तिलाच पाय समजण्याची चूक आपण करतो. आणि त्या चार दिवसांत शेजारच्या वस्तीतील भजनी मंडळाचा उल्लेख मी एकदाही ऐकला नाही. रानड्यांनी उघडलेले दार तेथे पुन्हा लोटलेले होते.

असे असले तरी आपण कॅथलिकांनी त्या विभागाकडे बोट दाखवून मोकळे होता येणार नाही. आपले मराठी उपासनागीत कोणत्या कोटीत बसते? प्रयोजनाने ते भक्तिसंगीत आहे. घडणीने मात्र ते संगम आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ च्या क्रिस्तपुराणातील ओवी, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आणलेली भजन-कीर्तनाची वाट, गोव्याकडून आलेली पाश्चात्त्य स्वरसंवादाची सवय, आणि अलीकडे कीबोर्डात भरून येणारे चित्रपटी ठेके, हे सारे एकाच मिस्सेत ऐकू येते. या मिश्रणाला माझा विरोध नाही. वेगळ्या कोटीचा जो सोयीस्कर अर्थ आपण लावतो, त्याला आहे. ‘भक्तीचे गाणे आहे, देव भाव पाहतो, सूर पाहत नाही’ हे वाक्य मी प्रत्येक धर्मग्रामात ऐकले आहे. संकोचाने सांगतो, एकदोनदा उच्चारलेही आहे. रानड्यांच्या विचाराचा हा विपर्यास होय. निकष वेगळे म्हणजे निकष नाहीत असे नव्हे. त्यांनीच आवाजाच्या जोपासनेचे शास्त्र नेटाने मांडले, आणि ते गायकांपुरते ठेवले नाही. बोलणाऱ्या माणसाचा आवाजही त्यांनी अभ्यासाचा विषय मानला. आम्हा प्रवचनकारांनाही त्यातून सुटका नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसृत केलेल्या उपासनाविषयक घटनेत दोन मागण्या शेजारी-शेजारी आहेत. भाविकांनी गाण्यात सहभागी व्हावे ही एक, आणि सेमिनरींत संगीताच्या शिक्षणाला व सरावाला मोठे स्थान द्यावे ही दुसरी. मिशनच्या प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा, असेही तेथे म्हटले आहे. आपण पहिली मागणी घोषणेसारखी उचलली, तिसरीसाठी तबला-पेटी आणली आणि दुसरी विसरलो. शिक्षणावाचून सहभाग मागितला की काय होते? गायकवृंद ध्वनिक्षेपकाजवळ उभा राहून गातो आणि लोक ऐकतात. म्हणजे मैफलच झाली, तीही कच्च्या गाण्याची. विद्यापीठातील मैफलीत श्रोता निदान जाणून ऐकत असतो.

संगीत विभागाकडून घ्यायचे असेल तर ते व्यासपीठ नव्हे, सकाळचे तंबोरे घ्यावेत, असे माझे मत झाले आहे. नाताळच्या गीतांसाठी नवा कीबोर्ड आणि कर्णे घेण्यात मी स्वतः धर्मग्रामाचे जे पैसे खर्च केले, त्यात एखाद्या जाणत्या शिक्षकाला वर्षभर आठवड्यातून एकदा बोलावता आले असते. तो निर्णय माझा होता आणि तो चुकला.

आता शनिवारी संध्याकाळी आम्ही ध्वनिक्षेपक बंद ठेवून बसतो. पहिली काही मिनिटे नुसता षड्ज, मग एकच प्रतिसाद स्तोत्र. गेल्या शनिवारी सातजण आले. पेटी वाजवणाऱ्या मुलाला मी विचारले, “पट्टी कोणती?” तो म्हणाला, “पांढरी पाच, फादर. नेहमीचीच.” ती त्याच्या बहिणीच्या गळ्याला सोयीची होती. आम्ही पांढरी तीनवर उतरलो. रविवारी मिस्सेत त्याच पट्टीत स्तोत्र सुरू झाले तेव्हा मागच्या बाकांवरील वडीलधाऱ्या बायका आणि कोपऱ्यातील दोन-चार पुरुष, ज्यांचा आवाज मी येथे आल्यापासून ऐकला नव्हता, गाऊ लागले. दुसऱ्या कडव्यात ते लयीत मागे पडले आणि गायकवृंद त्यांच्यासाठी थांबला नाही. येत्या शनिवारी तेवढेच करायचे आहे.