‘हीन’ आणि ‘दुष्ट’ : नीत्शेच्या व्युत्पत्तिविचाराची मर्यादा

नीत्शेच्या ‘नीतीची वंशावळ’ (१८८७) या ग्रंथातील पहिल्या निबंधाचा सारा भार एका शब्दभेदावर आहे. जर्मन भाषेत ‘गूट’ (चांगले) या शब्दाला दोन विरोधी शब्द आहेत : ‘श्लेख्ट’ आणि ‘ब्योझे’. मराठीत दोहोंसाठी ‘वाईट’ चालतो. म्हणून येथे पहिल्यास ‘हीन’ व दुसऱ्यास ‘दुष्ट’ म्हणणे सोयीचे होईल. नीत्शेच्या मते ‘हीन’ ही उच्चकुलीनांनी सामान्यांना दिलेली संज्ञा होय. ‘दुष्ट’ ही दुर्बलांनी वैरभावातून बलवंतांवर लादलेली.

‘श्लेख्ट’चा मूळ अर्थ ‘साधा’ असा होता. त्याचा सहोदर ‘श्लिख्ट’ आजही तोच अर्थ देतो. हा पुरावा भक्कम आहे. लॅटिन ‘मालुस’ (वाईट) आणि ग्रीक ‘मेलास’ (काळा) यांचा त्याने सुचविलेला संबंध मात्र तितका निश्चित नाही.

तथापि खरा आक्षेप याहून निराळा आहे. व्युत्पत्ती शब्दाचा प्रवास दाखविते, वस्तूचे मूल्य ठरवीत नाही. करुणेचा महिमा वैरभावातून उपजला असे सिद्ध झाले, तरी तेवढ्याने करुणा त्याज्य ठरत नाही. उगम आणि प्रयोजन भिन्न असतात, हे शिक्षेच्या संदर्भात नीत्शेनेच दुसऱ्या निबंधात सांगितले आहे. तोच नियम पहिल्या निबंधास लावला, तर त्यातील व्युत्पत्ती ही साक्ष ठरते, निवाडा नव्हे.

नैतिक कल्पनांच्या इतिहासावर भाषाशास्त्र कोणता प्रकाश टाकते, असा प्रश्न त्याने पहिल्या निबंधाच्या अखेरीस अभ्यासकांपुढे ठेवला. उत्तर शोधताना त्यातील ‘इतिहास’ हा शब्द दृष्टीआड होऊ देऊ नये.