मियामोतोंनी निवृत्त कुठून व्हावे?

डिसेंबर २०११मध्ये निंटेंडोचे गेमकार शिगेरू मियामोतो यांनी एका अमेरिकी मासिकाशी बोलताना सांगितले, की आपल्याला सध्याच्या पदावरून बाजूला व्हायचे आहे. खेळ बनवणे सोडायचा त्यांचा विचार नव्हता. तरुण सहकाऱ्यांची छोटी तुकडी हाताशी घ्यावी आणि एखादा लहानसा गेम पुन्हा स्वतः घडवावा, एवढीच त्यांची इच्छा होती. तेव्हा ते ५९ वर्षांचे होते. बातमी पसरताच निंटेंडोचा शेअर घसरला आणि मियामोतो कुठेही जात नाहीत, असा खुलासा कंपनीने तातडीने केला. आता त्यांनी सत्तरी ओलांडली आहे आणि ‘त्यांनी थांबावे का’ या प्रश्नावर गेमप्रेमींत हिरीरीने वाद होतात. मला विचाराल तर त्यांनी मारिओच्या राखणदारीतून जरूर निवृत्त व्हावे, आणि २०११मध्ये मागितलेली ती छोटी तुकडी त्यांना आता तरी मिळावी. गेमच्या कलेचे त्यात मोठे हित आहे.

या माणसाचे काम आधी नीट पाहायला हवे. क्योतो प्रांतातल्या सोनोबे गावी १९५२ साली जन्मलेले मियामोतो औद्योगिक रचनेचे शिक्षण घेऊन १९७७मध्ये निंटेंडोत चित्रकार म्हणून लागले. ‘रडार स्कोप’ हा गेम अमेरिकेत पडला, त्याची सुमारे दोन हजार यंत्रे गोदामात धूळ खात राहिली. त्याच यंत्रांत घालता येईल असा नवा खेळ तयार करण्याचे काम अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी या नवख्या तरुणाकडे दिले. त्यातून १९८१ साली ‘डाँकी काँग’ आला आणि पुढे मारिओ म्हणून जगभर पोहोचलेला तो टोपीवाला मिशाळ नायकही आला. १९८५मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’, १९८६मध्ये ‘द लेजंड ऑफ झेल्डा’. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी नकली यंत्रे आणि ‘९९९९ इन १’ छापलेल्या कॅसेटी आल्या, त्यांतूनही मारिओच धावत होता. मियामोतो हे नाव मात्र फारच थोड्यांना ठाऊक होते.

त्या मारिओची पहिली लेव्हल आठवून पाहा. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा पसरलेली असते, त्यामुळे कुठे जायचे हे कुणी सांगावे लागत नाही. चार पावलांवर तपकिरी रंगाचा गुम्बा समोरून चालत येतो. त्याला धडकले की जीव जातो, तेव्हा उडी मारायची हे कळते. वर प्रश्नचिन्हाचा ठोकळा लुकलुकत असतो. त्याला डोके लागले की मशरूम बाहेर येते आणि उजवीकडे सरकत जाते. पुढच्या हिरव्या पाइपला आपटून ते मागे वळते आणि थेट मारिओच्या अंगावर येते. नुकताच गुम्बाकडून मेलेला खेळाडू घाबरून उडी मारतो, पण वर ठोकळ्यांची रांग असल्याने डोके आपटून खाली येतो आणि बहुधा मशरूमवरच पडतो. मारिओ मरत नाही, मोठा होतो. शत्रू कोणता आणि मित्र कोणता, हा धडा अर्ध्या मिनिटात शिकवून होतो आणि पडद्यावर सूचनेचा एक शब्दही येत नाही. खेळाडूच्या मनात पुढच्या क्षणी काय येईल, हे ओळखून ठोकळे, पाइप आणि मशरूम मांडलेले आहेत. ही मांडणी पुढच्या कितीतरी गेमकारांनी शाळेत शिकावी तशी अभ्यासली.

वय झाले की कल्पकता आटते, हा युक्तिवाद मियामोतोंच्या बाबतीत टिकत नाही. त्यांचा दुसरा मोठा बहर पन्नाशीच्या आसपासचा आहे आणि तो सारा घरगुती आयुष्यातून आलेला आहे. ‘पिकमिन’ (२००१) बागकामातून सुचला. घरात कुत्रा आला आणि ‘निन्टेंडॉग्ज’ (२००५) झाला. रोज वजन करून नोंद ठेवण्याच्या सवयीतून ‘वी फिट’ (२००७) उभा राहिला. त्याआधी २००६मध्ये आलेल्या ‘वी स्पोर्ट्‌स’च्या ८ कोटींहून अधिक प्रती लोकांच्या घरी गेल्या. बहुतेक देशांत तो यंत्रासोबतच मिळत होता हे खरे, पण आजोबांनी हातातला रिमोट हवेत फिरवून नातवाशी टेनिस खेळावे, ही गोष्ट या कलेत तोवर घडली नव्हती.

मग तक्रार कशाची? ती खरी आहे आणि दडवण्यात अर्थ नाही. २०१६च्या ‘स्टार फॉक्स झीरो’मध्ये विमान टीव्हीवर मागून दिसते आणि चालकाची नजर हातातल्या गेमपॅडच्या पडद्यावर. नेम धरायचा तर पॅड तिरका करायचा. शत्रू अंगावर येत असताना डोळे टीव्हीवरून हातांकडे आणि हातांकडून टीव्हीवर नेत राहावे लागतात. अवघ्या अर्ध्या मिनिटात नवख्याला शिकवणाऱ्या माणसाने इथे जाणत्या खेळाडूलाही तासन्‌तास अडखळायला लावले. ‘वी यू’ यंत्राचा तो दुसरा पडदा किती कामाचा आहे, हे सिद्ध करण्यासाठी हा खेळ राबवला गेला होता. ‘पेपर मारिओ: स्टिकर स्टार’ची (२०१२) कथा आणखी बोलकी आहे. या खेळाला कथेची फारशी गरज नाही, आणि पात्रे शक्यतो मारिओच्या जगातलीच घ्या, असा मियामोतोंचा सल्ला होता, हे गेम बनवणाऱ्यांनीच कंपनीच्या मुलाखतीत सांगितले आहे. ज्या मालिकेची ओळखच तिच्या खुमासदार गोष्टी आणि चमत्कारिक पात्रे ही होती, ती त्यामुळे फिकी पडली. अर्धे झालेले काम उलथवून नव्याने मांडायला लावण्याची मियामोतोंची ख्याती आहे. त्या सवयीने पूर्वी कितीतरी गेम वाचवले. पण राखणदाराच्या खुर्चीतून आलेला नकार आणि कारागिराच्या बाकावरून आलेला नकार यांचे परिणाम वेगळे होतात.

निंटेंडोत तरुणांच्या हाती काम गेले तेव्हा काय झाले, तेही आपल्यासमोर आहे. शाई उडवणाऱ्या पांढऱ्या ठोकळ्यांच्या प्रयोगातून २०१५मध्ये ‘स्प्लॅटून’ आला आणि कंपनीला कित्येक वर्षांनी नवे, सशक्त विश्व मिळाले. ‘झेल्डा’ मालिकेतल्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’चे (२०१७) दिग्दर्शन हिदेमारो फुजिबायाशी यांचे, निर्मिती एजी आओनुमा यांची. सुरुवातीचा नमुना मियामोतोंपुढे ठेवला तेव्हा ते बराच वेळ नुसते झाडांवर चढत राहिले, असे आओनुमांनी सांगितले आहे. लढाई नाही, कथा नाही, फक्त चढणे. आपला पाया पक्का आहे, हे तुकडीला त्या चढण्यातून कळले. इथे मियामोतोंनी हुकूम सोडला नाही, ते पहिले खेळाडू झाले. २०२३चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’ शिरो मोउरी यांच्या दिग्दर्शनाखाली झाला आणि एका फुलाला हात लागताच सारी लेव्हल बदलून टाकण्याची धिटाई त्याने दाखवली. मारिओ सांभाळायला घरात माणसे आहेत.

इतर ज्येष्ठांकडे पाहिले तर वयाचा कोणताही नियम हाती लागत नाही. ‘सिव्हिलायझेशन’च्या (१९९१) खोक्यावर आजही सिड मायर यांचे नाव झळकते, पण दुसऱ्या भागाची रचना ब्रायन रेनॉल्ड्‌स यांनी केली, चौथ्याची सोरेन जॉन्सन यांनी. मायर यांनी नाव आपले ठेवले आणि निर्णय इतरांच्या हाती दिले, म्हणून ती मालिका प्रत्येक पिढीत नवी झाली. यू सुझुकी यांनी चाहत्यांकडून ६० लाखांहून अधिक डॉलर उभे करून २०१९मध्ये ‘शेनमू ३’ आणला, पण दुसऱ्या भागानंतरची १८ वर्षे जणू गेलीच नव्हती अशी त्याची चाल होती. केइजी इनाफुने यांचा ‘मायटी नं. ९’ (२०१६) जुन्या कीर्तीच्या ओझ्याखाली वाकला. याउलट कोजी इगाराशी यांनी ‘ब्लडस्टेन्ड’मध्ये (२०१९) आपले जुने रूप घेऊनच उत्तम गेम केला. जुने सांभाळणे हा गुन्हा नव्हे, हे इगाराशींनी दाखवले. मात्र त्यांच्या पाठीवर एका प्रचंड कंपनीच्या भवितव्याचा भार नव्हता.

मियामोतोंच्या पाठीवर तो लादला गेला. जुलै २०१५मध्ये अध्यक्ष सातोरू इवाता गेले, मियामोतो ‘क्रिएटिव्ह फेलो’ झाले आणि त्यानंतरचा त्यांचा वेळ कुठे गेला पाहा. फोनवरचा ‘सुपर मारिओ रन’ (२०१६), ओसाकातले ‘सुपर निंटेंडो वर्ल्ड’ (२०२१), १३० कोटी डॉलरहून अधिक कमावणारा मारिओचा चित्रपट (२०२३). यश डोळे दिपवणारे आहे, पण नवी खेळण्याची रीत यांपैकी कशातूनही आली नाही. सर्वांत जास्त रुखरुख लागते ती २०१४ची. त्या वर्षी त्यांनी दोन छोटे प्रयोग जगापुढे ठेवले होते: शहरात अवजड यंत्रमानवाला तोल सावरत चालवण्याचा एक आणि बारा सुरक्षा-कॅमेऱ्यांच्या चित्रांवर एकाच वेळी नजर ठेवण्याचा दुसरा. २०११मध्ये मागितलेले नेमके हेच होते. पहिला बाजारात आलाच नाही. दुसरा आला तो ‘स्टार फॉक्स गार्ड’ असे जुन्या मालिकेचे नाव लावून. नवी कल्पना स्वतःच्या नावाने उभी राहू शकत नाही, असे मियामोतोंच्याच घरात ठरले.

म्हणून ‘वय झाले, आता घरी बसा’ म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही, आणि ‘ते आहेत म्हणून मारिओ आहे’ म्हणणाऱ्यांशीही नाही. गेम ही कला तरुण आहे. तिची पहिली पिढी आत्ता कुठे म्हातारी होते आहे. ‘गेम बॉय’ घडवणारे गुनपेई योकोइ १९९७मध्ये अपघातात गेले, इवाता तर ५५व्या वर्षीच. थोर गायकाचा उतारवयातला षड्‌ज आपण कान देऊन ऐकतो, कारण तो तरुणपणी लागत नाही हे आपल्याला माहीत असते. गेमच्या कलेत तसे उत्तरायुष्य अजून कुणाच्या वाट्याला धड आलेलेच नाही.

मियामोतोंचा कच्चा माल नेहमी रोजचे जगणे हाच होता: बाग, कुत्रा, वजनकाटा. आता त्या जगण्यात मंदावलेली बोटे आहेत, नजरेचा आणि स्मरणाचा बदललेला वेग आहे, सोबतचे लोक एकेक करून जाण्याचा अनुभव आहे. बहुतेक गेम अजूनही विशीतल्या हातांसाठी घडतात. सत्तरीतल्या शरीरातून जग कसे लागते, हे खेळातून दाखवू शकेल असा त्यांच्या तोडीचा दुसरा कारागीर मला दिसत नाही. निंटेंडोने त्यांना चित्रपट, उद्याने आणि मारिओच्या मंजुऱ्या यांतून मोकळे करावे. दहा माणसे आणि दोन वर्षे द्यावीत, आणि खोक्यावर एकही जुने नाव छापू नये. गेम पडला तर पडू द्यावा. सारे आयुष्य कमावून दिलेल्या माणसाला एवढा तोटा करण्याचा हक्क आहे.