आजोबांचा दाखला

आजोबांच्या जन्मनोंदीच्या आधारे पोर्तुगालचे नागरिकत्व मिळवू पाहणाऱ्या गोमंतकीय तरुणाविषयी आमच्याकडे जे लिहिले-बोलले जाते, त्यात बहुधा दोनच पात्रे भेटतात. एक मायभूमीला विसरलेला कृतघ्न, दुसरा वेळीच संधी साधणारा चतुर. ही दोन्ही चित्रणे आम्हांस अपुरी वाटतात. कारण मूळ कागद वाचण्याची तसदी त्यांपैकी एकातही घेतलेली दिसत नाही.

तो कागद काय सांगतो? 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यास पोर्तुगालचा कायदा आपला नागरिक म्हणून स्वीकारतो. लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात ती जन्मनोंद झाली, की पुढे मुलगा, मग नातू, अशी साखळी जोडता येते. म्हणजे येथे कोणी खोटे बोलत नाही. इतिहासाने ठेवलेली एक वाट चालतो, इतकेच. शिवाय ती वाट पुष्कळदा लिस्बनला जातच नसे. 2020 साली ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडेपर्यंत त्याच पासपोर्टावर स्विंडनसारख्या गावी काम मिळे. ओढ पोर्तुगालची नव्हे, रोजगाराची होती.

परंतु चतुराईचे गोडवे गाणाराही अर्धेच सांगतो. भारतीय कायद्यास दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. परक्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले, की येथील मताचा हक्क जातो. पुढे विदेशस्थ भारतीयाचे कार्ड मिळाले, तरी मतदान करता येत नाही, शेतजमीनही विकत घेता येत नाही. हा व्यवहार फुकटचा नव्हे, हे कथेत यावयास नको काय?

आमच्या शाळेत जुन्या नोंदवहीचा उतारा मागण्यास असे तरुण येतात. एकाच्या आजोबांचे आडनाव वहीत ‘प्रभू’ होते, पोर्तुगीज दाखल्यात ‘पोरोब’. ‘सर, खरे कोणते?’ असे त्याने विचारले. आम्ही म्हणालो, ‘बाळ, दोन्ही. एक मास्तरांनी लिहिले, दुसरे कारकुनाने.’ त्याला अक्षरांचा मेळ हवा होता. आमच्या डोळ्यांपुढे मात्र परकीय राजवटीत खासगी शाळेत बसून मराठी धुळाक्षरे गिरवणारा मुलगा उभा राहिला. अर्जात त्या मुलाची केवळ जन्मतारीख उरते.

आमची तक्रार अर्जदाराविरुद्ध नाही, लेखकांविरुद्ध आहे. कायद्याला तारखेपुरता आजोबा पुरतो. साहित्याला पुरू नये. वारसा म्हणजे जे मिळते तेवढेच नव्हे, जे पुढे चालवावयाचे तेही. ह्या दोन अर्थांमध्ये सापडलेला नातू ज्या दिवशी निवाड्यावाचून रेखाटला जाईल, त्या दिवशी ह्या विषयाला मराठीत न्याय मिळाला असे आम्ही समजू. तो तरुण उतारा घेऊन गेला. जाताना वहीतले आजोबांचे नाव त्याने एकदा मोठ्याने वाचले. आरंभ तेथूनच व्हावा.